भारताने तीन स्टॉपर लावावे का? फॉर्मेशनवर मनापासून बोलायचं आहे

संत्रानगरी_६

पहिल्या पाच मॅच, दोन गोल. एशियन कप क्वालिफायरचा ढाक्यापर्यंतचा आपला हिशोब एवढाच आहे. शिलाँगला बांगलादेशसोबत ०-०, हाँगकाँगमध्ये इंज्युरी टाइमच्या पेनल्टीवर ०-१, सिंगापुरात १-१ (तोही रहीम अलीने ९०व्या मिनिटाला काढला, झिंगनचं रेड कार्ड झालेलं, दहा जणांवर खेळून राहिलो होतो), मग मडगावला घरी सिंगापूरकडूनच १-२ आणि ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. २०२७ चा एशियन कप गेला. ढाक्याच्या मॅचनंतर मी दोन दिवस कोणाशी फुटबॉलवर बोललो नाही, पण आता बोलतो, कारण माझ्या डोक्यात एक गोष्ट फिरून राहिली आहे आणि इथे खेळलेले लोक आहेत.

माझं म्हणणं असं की आपण फॉर्मेशन उलट्या बाजूने ठरवतो. कोच येतो, त्याला आवडणारी रचना आणतो आणि मग त्यात पोट्टे बसवतो. ४-२-३-१ घ्या, म्हणजे मागे चार डिफेंडर, त्यांच्यापुढे दोघं, मग तिघं आणि सगळ्यात वर एक. त्यात सगळ्यात महत्त्वाची माणसं दोन, एक तो वरचा ९ नंबर म्हणजे स्ट्रायकर आणि एक त्याच्या मागचा, त्याला बॉल पुरवणारा १० नंबर. आणि आपल्याकडे नेमके हेच दोन नाहीत. का नाहीत तर आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) या दोन जागांवर बहुतेक क्लब परदेशी खेळाडू लावतात. आपला स्ट्रायकर क्लबमध्ये विंगवर खेळतो नाहीतर ७५व्या मिनिटाला बेंचवरून येतो, आणि तोच देशासाठी आला की पहिल्या मिनिटापासून दोन स्टॉपरच्या (मधल्या डिफेंडरच्या) मध्ये एकटा उभा. सुनील छेत्री ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेऊन गेला आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याला परत बोलवावं लागलं, यातच सगळं आलं.

मग आपल्याकडे आहे काय? स्टॉपर आहेत. झिंगन, अन्वर अली, राहुल भेके, शुभाशिष बोस पण आत खेळू शकतो. आणि बाजूने धावणारे आहेत, छांगते, लिस्टन, महेश, विक्रम प्रताप, मनवीर. मध्ये पळणारे दोघंतिघं आहेत, अपुइया, जीक्सन, सुरेश. म्हणून मी म्हणतो ३-४-२-१. मागे तीन स्टॉपर, दोन विंगबॅक (लाइनवर वर-खाली पळणारे), मध्ये दोघं, आणि छांगते-लिस्टनला लाइनवर न ठेवता आत, स्ट्रायकरच्या जवळ. मडगावचा छांगतेचा गोल आठवा, बॉक्सच्या बाहेरून मारला. त्याला गोलासमोर जागा मिळाली की तो मारतो. लाइनवर उभा केला की ५०व्या मिनिटापर्यंत तो साइड बॅकच्या मागे धावून धावून संपतो.

जॉर्डनने हेच केलं. तीन स्टॉपर, आणि पुढे अल तामारी, अल नैमात, ओलवान हे तिघं जवळजवळ. २०२३ च्या एशियन कपमध्ये (खेळला गेला २०२४ मध्ये) सेमीत कोरियाला २-० हरवून फायनल आणि पुढे २०२६ च्या वर्ल्ड कपलाही पात्र. त्याच एशियन कपमध्ये आपण तीन मॅच खेळलो, सहा गोल खाल्ले, आणि आपला एकही नाही.

खोडून काढा. पण नुसतं "आपल्याच्यानं होत नाही" असं लिहू नका.

कामठीकर_स्टॉपर

भाऊ, मी कामठीत १४ वर्षं स्टॉपर खेळलो म्हणून सांगतो, तीन स्टॉपर कागदावर लय सोपे दिसतात. चार असले की प्रत्येकाले माहीत असते का आपली बाजू कोणती आणि आपला माणूस कोण. तीन असले की मधला कोणाला कव्हर करन, बाजूचा कधी बाहेर जाइन, अन् तो बाहेर गेला तं त्याची जागा कोण भरन, हे रोज प्रॅक्टिस केल्याशिवाय येतच नाही. रोज म्हणजे रोज. नॅशनल टीमले किती दिवस भेटतात? फिफा विंडोमध्ये (क्लबवाले देशासाठी सोडतात ते दिवस) पोट्टे मॅचच्या तीन-चार दिवस आधी येतात, त्यातला एक दिवस प्रवासाचा, एक दिवस पाय मोकळे करायचा. उरले दोन. दोन दिवसात तीन स्टॉपरचं ताळमेळ नाही बसत.

आणि क्लबमध्ये हे पोट्टे बहुतेक चार डिफेंडरमध्येच खेळून राहिले. तू म्हणते की क्लबमध्ये जे खेळतात ते पाहून फॉर्मेशन ठरवा, मंग तुझ्याच हिशोबाने ४ आले पाहिजे ना?

मले विचारशील तं ४-४-२. दोन सरळ लाइनी. २०१९ च्या एशियन कपमध्ये तेव्हाचा कोच कॉन्स्टंटाइनने थायलंडविरुद्ध छेत्रीच्या बाजूला आशिकले लावलं, दोघं वर, अन् ४-१ ने मारलं. त्या मॅचमध्ये छेत्री एकटा नव्हता, हेच मोठं होतं. आशिक नुसता धावत होता, त्यांच्या स्टॉपरले ओढून बाहेर नेत होता अन् छेत्रीले जागा भेटत होती. आइसलंड २०१६ च्या युरोमध्ये ४-४-२ च खेळलं अन् इंग्लंडले घरी पाठवलं. तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास लोकांचा देश होता तो.

टर्फवाला_पोट्टा

दादा लोक, मी १९ चा आहे, कॉलेज टीमकडून खेळतो आणि रात्री टर्फवर. मला एक विचारायचं आहे. ९ नंबर नाहीच आहे तर फॉल्स नाइन का नाही? मिडफिल्डर सहलला वर ठेवा, तो खाली येईल, स्टॉपर त्याच्या मागे येईल आणि छांगते-लिस्टन मागच्या जागेत पळतील. म्हणजे तिघंही आपल्याला पाहिजे त्या जागी येतात. अर्जेंटिना पण दर मॅचला बदलतं ना, २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सविरुद्ध तीन स्टॉपर लावले आणि फायनलला डी मारियाला डावीकडे टाकलं, फ्रान्सला कळलंच नाही पहिल्या हाफमध्ये. मग आपण एकच एक फॉर्मेशन का पकडून बसायचं, समोरची टीम बघून बदलू.

संत्रानगरी_६

@टर्फवाला, विचार चांगला आहे, त्यातली एक अडचण सांगतो. फॉल्स नाइन चालतो तेव्हा जेव्हा बॉल आपल्याकडे जास्त वेळ असतो. तो खाली आला, बॉल घेतला, मागे वळला, मग पास. आपण सिंगापूर-बांगलादेशविरुद्ध बॉल ठेवू शकतो, पण ते मागे बसतात, त्यांच्या स्टॉपरच्या मागे जागाच नसते, मग छांगते पळणार कुठे? आणि इराण-उझबेकिस्तानसमोर बॉलच आपल्याकडे नसतो, तिथे वर कोणी नसेल तर क्लिअर केलेला प्रत्येक बॉल परत येतो. आपल्या डिफेन्सला श्वास घ्यायला वर एक माणूस लागतो जो बॉल छातीवर घेऊन चार सेकंद पकडून ठेवेल.

अर्जेंटिनाबद्दल, ते बदलू शकतात कारण त्यांचा कोच स्कालोनी २०१८ पासून तोच आहे आणि बरीचशी पोरं त्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं खेळलेली आहेत. आणि त्यांचंसुद्धा सौदीविरुद्ध काय झालं ते आठव. सौदीने लाइन इतकी वर ठेवली की पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड गेले आणि दुसऱ्या हाफमध्ये पाच-सहा मिनिटांत दोन खाल्ले. मला त्यातून एक गोष्ट शिकायला मिळाली, सौदी फॉर्मेशनमुळे जिंकले नाहीत, ती लाइन चौघांनी मिळून एकाच क्षणी वर नेली, ९० मिनिटं, न घाबरता, म्हणून जिंकले.

@कामठीकर भाऊ, दोन दिवसांचा मुद्दा खरा आहे. मला त्याला लगेच उत्तर नाही, विचार करून लिहितो.

मोरभवन_मॅचवाला

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. फॉर्मेशन कोणतंही लावा. कोच मार्केझच्या काळात आठ मॅचमध्ये पाच गोल केले, त्यातले तीन एकट्या मालदीवविरुद्ध. स्टिमाच होता, मार्केझ आला, मग ऑगस्ट २०२५ ला खालिद जमील आला. कोच बदलले, आकडे बदलले, गोल आला नाही. लहानपणापासून गोल मारायला शिकवलेलं नाही तर २५व्या वर्षी कोण शिकवणार आहे.

रश्मी_लेफ्टबॅक

मी आधी खेळायचे, आता मुलींना शिकवते, सकाळी सहा ते आठ. मोरभवन दादा, तुमचं पटतंही आणि नाहीही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं मैदान मुरमाचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये चिखल, डिसेंबरपर्यंत थोडं गवत, आणि मार्चनंतर निव्वळ दगड. त्या मैदानावर बॉल जमिनीवरून सरळ येतच नाही, खडा लागला की उडतो. मग मुलगी काय करते? बॉल आला की थांबवत नाही, उडवून देते. मी ओरडते, "थांबव, बघ, मग दे", पण तिचा अनुभव तिला सांगत असतो की थांबवायला गेलीस तर बॉल गुडघ्यावरून उडून समोरच्या मुलीच्या पायात जाईल. ती चूक नाही, ती त्या मैदानावर बरोबरच आहे. अशा मैदानांवर दहा वर्षं वाढलेल्या पोराला एकदम मोठ्या स्टेडियमच्या हिरव्या गवतावर उभं करून आपण म्हणतो की मागून बिल्डअप कर, म्हणजे छोटे पास देत बॉल पुढे ने. त्याचे पाय घाबरतात. टीव्हीवर स्टॉपरने बॉल गॅलरीत मारला की लोक हसतात, मला नाही हसू येत, मला त्याचं मैदान दिसतं.

आणि दुसरीकडे टर्फ. नागपुरात आता गल्लोगल्ली टर्फ झाले, मुलांचा फर्स्ट टच सुधारला हे खरं आहे, मी स्वतः बघते. पण पाच-पाच जणांचा खेळ, बाजूला जाळी, ऑफसाइड नाही, क्रॉस नाही, हेडिंग नाही. तिथे वाढलेल्या मुलाला छोट्या जागेतून सुटता येतं, पण ४० मीटर लांब आपला स्टॉपर कुठे उभा आहे हे बघायची सवयच लागत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. संत्रानगरी दादा आणि कामठीकर काका तीन की चार यावर भांडत आहात, मला वाटतं खरा प्रश्न अंतराचा आहे. ढाक्यातला गोल परत बघा. ११वं मिनिट, बांगलादेशचा राकिब डावीकडून पळाला, मोरसालिनने मारला. त्या क्षणी आपले किती लोक बॉलच्या पुढे होते आणि मागे उरलेल्यांमध्ये किती अंतर होतं ते बघा. बॉल आपल्याकडे असताना मागे कोण राहणार हे ठरलेलं नसेल तर पाच डिफेंडर लावा, तरी गोल बसणार. आणि स्ट्रायकर ते स्टॉपर हे अंतर ३०-३५ मीटरमध्ये ठेवलं तर ४-४-२ पण चालतं, ३-४-२-१ पण चालतं. अंतर ५० मीटर झालं की काहीच चालत नाही, कारण मधल्या दोघांना तेवढं मैदान पुरतच नाही.

मोरक्कोने २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये चारच डिफेंडर लावले, सेमीपर्यंत एकच गोल खाल्ला आणि तोही त्यांच्याच खेळाडूचा पाय लागून. त्यांच्या मॅच मी मुलींना दाखवल्या आणि एकच गोष्ट बघायला सांगितली, बॉल डावीकडे गेला की उजवा विंगर कुठे येऊन उभा राहतो.

धंतोली_काका

रश्मीताईंनी फार नेमकं लिहिलं. माझं वय ७१ आहे, वडील रेल्वेत होते आणि त्यांनीच मला यशवंत स्टेडियमवर हात धरून नेलं होतं. ते मला ज्या मॅचची गोष्ट सांगायचे ती तुमच्या चर्चेला लागू पडते म्हणून लिहितो.

१९६२ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये आपण पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेल म्हणजे आशियातला सगळ्यात भक्कम स्टॉपर, आणि जखमी डोक्याने स्टॉपरला हेड मारता येत नाही. आपले कोच रहीमसाहेबांनी काय केलं, त्याला बाहेर बसवलं नाही, सेमीफायनलला सेंटर फॉरवर्ड म्हणून उभा केला. त्याने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला. फायनल परत त्याच कोरियाशी, स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं, आणि आपण २-१ ने जिंकलो. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा.

आता यात फॉर्मेशन कोणतं होतं यापेक्षा मला नेहमी हे महत्त्वाचं वाटत आलं की रहीमसाहेबांना ठाऊक होतं जर्नेल कॉलेजात असताना पुढेही खेळलेला आहे. माणूस माहीत होता. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने मारलं होतं, आपली काही मुलं त्या थंडीत अनवाणी खेळली. त्याच रहीमसाहेबांनी चार वर्षांत मेलबर्नला टीम चौथ्या क्रमांकावर आणली, नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली, ४-२. हेलसिंकीलाही आणि मेलबर्नलाही कोच तेच होते. आमच्या वेळी लिंकमन म्हणायचे, तुम्ही आता डबल पिव्होट (मधले दोघं) म्हणता, पण काम तेच, पुढचे आणि मागचे तुटू द्यायचे नाहीत.

जून २०२४ ते २०२५ संपेपर्यंत दीड वर्षात तीन कोच झाले. मुलं कोणाचं ऐकतील?

कामठीकर_स्टॉपर

काका, अंगावर काटा आला वाचून. जर्नेल सिंगचं नाव आमच्या घरी पण घ्यायचे.

रश्मीताई, तुमचं अंतराचं म्हणणं शंभर टक्के. आमचे कोच दोरी घेऊन यायचे, खरंच दोरी. चौघा डिफेंडरच्या कमरेला बांधायचे, प्रत्येकामध्ये आठ-नऊ मीटर, अन् म्हणायचे आता बॉल जिकडे जाइन तिकडे सगळे सरका, दोरी ताणली तं सगळ्यांनी एक चक्कर मारायची. मे महिन्यात, ४४ डिग्रीत, सकाळी साडेपाचला. तिसऱ्या आठवड्यात दोरी काढली तरी आम्ही तसेच सरकत होतो.

म्हणूनच मी ४-४-२ म्हणतो. हे दोन दिवसात आठवण करून देता येते, कारण प्रत्येक पोट्टा कुठंतरी हे शिकलेलाच असतो. खालिद जमीलचं मले त्याच्यासाठीच आवडते. आयझॉलसोबत २०१६-१७ ची आय-लीग त्यानं अशाच खेळावर काढली, मोठ्या नावाचा कोणीच नव्हता त्या टीममध्ये. घट्ट बसायचं, दोन लाइनीत जागा द्यायची नाही, अन् भेटला की लगेच पुढं. काफा नेशन्स कपमध्ये (मध्य आशियातल्या फुटबॉल संघटनेची स्पर्धा) ताजिकिस्तानले त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं, ओमानले पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. ती त्याची पहिलीच स्पर्धा होती. तेव्हा आपल्याले वाटलं होतं का आता जमलं.

मोरभवन_मॅचवाला

रश्मीताई, मी चिडून लिहिलं होतं, तुमचं मैदानाचं वाचून थांबलो. पण काफा आणि क्वालिफायरमधला फरक बघा. काफामध्ये समोरचे बहुतेक आपल्यापेक्षा भारी होते, ते बॉल ठेवायचे, आपण बसायचो आणि पळायचो. सिंगापूर, हाँगकाँग, बांगलादेशविरुद्ध आपल्यालाच बॉल ठेवून गोल काढायचा होता. घट्ट बसणारी टीम तिथे काय करणार? हाँगकाँगमध्ये पहिल्या हाफला आशिकसमोर उघडा गोल होता, तो गेला, आणि त्यानंतर आपण पूर्ण मॅच तसा चान्स बनवू शकलो नाही. म्हणजे एक फॉर्मेशन पुरणारच नाही, दोन वेगळ्या प्रकारच्या मॅच आहेत.

आणि क्युरासाव, केप व्हर्दे २०२६ च्या वर्ल्ड कपला गेले. क्युरासावची लोकसंख्या दीड लाख. आपल्या नागपूरची २०११ च्या जनगणनेत २४ लाख होती. हे वाचून मला रात्री त्रास झाला.

संत्रानगरी_६

मोरभवन भाऊ, क्युरासावचा त्रास मलाही झाला, पण त्यांचे जवळपास सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, तिथल्या अकॅडमीत तयार झालेले आहेत. त्यांनी बाहेरच्या आपल्या लोकांना बोलावलं, आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही म्हणून ते जमत नाही. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, तसं प्रत्येक जण करेल अशी आशा ठेवता येत नाही.

आता कामठीकर भाऊंच्या दोन दिवसांच्या प्रश्नावर. मी काल मडगावची मॅच पुन्हा पूर्ण बघितली, वही घेऊन. आणि माझं मत थोडं बदललं आहे, इथे प्रामाणिकपणे लिहितो.

बॉल समोरच्याकडे असताना ४-४-२. भाऊ म्हणतात तसं, दोन लाइनी, सगळ्यांना येतं, शिकवायला वेळ लागत नाही. पण बॉल आपल्याकडे आला की दोन-तीन माणसंच हलवायची. राइट बॅकला राहुल भेके लावा. तो स्टॉपर म्हणूनही खेळतो. तो वर जाणारच नाही, आत सरकून झिंगन-अन्वरसोबत तिसरा स्टॉपर होईल. लेफ्ट बॅक आकाश मिश्रा, त्याला पळायला आवडतं, तो पूर्ण वर, लाइनवर. मग डावीकडचा लिस्टन किंवा महेश आपोआप आत येतो, दोघांचाही उजवा पाय आहे, दोघांनाही तेच पाहिजे असतं. उजवीकडे छांगते लाइनवर राहतो कारण त्याच्या मागून कोणी येणार नाही, आणि बॉल आला की डाव्या पायावर घेऊन आत कापतो.

म्हणजे बचावात ४-४-२ आणि हल्ल्यात ३-२-५. मोठा बदल होतो तो फक्त एक लेफ्ट बॅक आणि एक लेफ्ट विंगरचा. मागे तीन स्टॉपर आणि त्यांच्यासमोर अपुइया आणि जीक्सन, असे पाच लोक कायम बॉलच्या मागे, म्हणजे रश्मीताईंचा "मागे कोण राहणार" याचं उत्तर आधीच ठरलेलं. ढाक्यासारखा काउंटर आला तरी पाच जण आहेत. आणि वर पाच जण, त्यात दोन स्ट्रायकर, म्हणजे ९ नंबर एकटा नाही. हे दोन दिवसात सांगता येतं का? मला वाटतं येतं, कारण नऊ जणांना त्यांचं नेहमीचंच काम आहे.

फक्त बॉल गेला त्या क्षणी आकाश वर अडकलेला असेल. त्या वेळी अन्वरला डावीकडे सरकावं लागेल, आणि सगळ्या तिघांना, दोरीसारखं.

कामठीकर_स्टॉपर

हे मान्य. हे खेळता येते. पण भेकेनं पस्तिशी गाठली अन् झिंगन पण तिशी ओलांडून गेला. एशियन कप तं गेलाच, आता जे बनवायचं ते पुढच्यासाठी, मंग जुन्यावर कशाले बांधून राहायचं? अंडर-२३ वाल्यांनी कोच नौशाद मूसाच्या हाताखाली बहरीनले २-० ने हरवलं, कतारशी १-२ च हरले. सुहेल, शिवाल्डो, विबिन मोहनन, हे पोट्टे आतापासून सिनियरसोबत त्याच रचनेत खेळले पाहिजे. राइट बॅकले स्टॉपर पाहिजे ना, तं एखादा २२-२३ वर्षांचा स्टॉपर तिथं लावा अन् दोन वर्षं तोच ठेवा.

रश्मी_लेफ्टबॅक

आणि अंडर-१७ नी अहमदाबादला इराणला २-१ ने हरवून एशियन कप गाठला, ते विसरू नका. ज्युनियरपासून सिनियरपर्यंत एकच रचना ठेवली तर दोन दिवसांचा प्रश्न उरतच नाही, मुलगा आठ वर्षं तेच खेळत वर येईल. सध्या प्रत्येक वयोगटाचा कोच वेगळं शिकवतो आणि वर गेल्यावर मुलाला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

मुलींच्या टीमचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. ५ जुलै २०२५, चियांग माई, थायलंडला त्यांच्या घरी २-१. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. संगीता मिडफिल्डर आहे. त्या चार मॅचमध्ये मुलींनी मंगोलियाला १३, तिमोरला ४, इराकला ५ आणि थायलंडला २ मारले आणि क्वालिफायर खेळून पहिल्यांदाच एशियन कप गाठला. माझ्या मुलींनी ती मॅच माझ्या घरी बघितली, सतरा जणी दोन खोल्यांमध्ये, आणि दुसऱ्या गोलनंतर माझ्या शेजारच्या आजी बघायला आल्या की काय झालं. त्या दिवसापासून आमच्या दोन मिडफिल्डर मुली बॉक्समध्ये उशिरा पळत यायला लागल्या आहेत. मी शिकवलं नव्हतं, संगीताला बघून शिकल्या. ९ नंबर नसला तर मागून येणारा पण गोल करू शकतो, हे तुमच्या ३-२-५ मध्ये कुठे आहे दादा? तुमचे मागचे दोघं तर मागेच बांधलेले आहेत.

संत्रानगरी_६

ताई, हे माझ्या वहीत नव्हतं. बरोबर आहे. दोघांपैकी एकाला सोडावं लागेल, जीक्सन राहील आणि अपुइया उशिरा पळेल, तो लांबून मारतोही चांगला. मग मागे तीन अधिक एक. थोडा धोका आहे, पण सिंगापूर-बांगलादेशविरुद्ध घ्यायलाच पाहिजे. इराणसमोर दोघंही मागे. म्हणजे मोरभवन भाऊंच्या दोन प्रकारच्या मॅचचं उत्तर याच एका माणसात आहे, फॉर्मेशन तेच ठेवून.

टर्फवाला_पोट्टा

दादा हे आम्ही खेळून बघू शकतो का? आमच्या कॉलेज टीमचा लेफ्ट बॅक सतत वर जातो आणि सर त्याला रागावतात. राइट बॅकला मागे बांधून ठेवलं तर त्याला जाऊ देता येईल असं मला आत्ता वाचताना सुचलं.

संत्रानगरी_६

नक्की. रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या मैदानावर ये, धुकं असेल तर पावणेसातला सुरू करू. माझे १५ वर्षांखालचे १८ मुलं आहेत, तुमचे दहा-बारा आण. पहिला हाफ साधं ४-४-२, दुसऱ्या हाफला लेफ्ट बॅक वर आणि राइट बॅक आत. रश्मीताई, तुम्ही येऊन फक्त अंतर बघा, बाहेरून ओरडायला तुमच्याइतकं कोणी नाही. काका, तुम्हाला घ्यायला मी स्वतः गाडी घेऊन येतो, मुलांना जर्नेल सिंगची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकवायची आहे.

धंतोली_काका

येतो. सहा वाजता तयार असेन. स्वेटर घालून ये रे बाबा, थंडी वाढली आहे.

कामठीकर_स्टॉपर

मी पण येतो, सोबत दोन स्टॉपर पोट्टे आणतो. अन् दोरी आणतो.